आईबापांशेजारची जागा

मॅनसची बारा सीटची गाडी प्रवाशांना एका दिवसात तीन पडके ख्रिस्ती मठ दाखवते. सकाळी तळ्याकाठचा, दुपारी नदीवरचा, शेवटी किलवारा. डोंगर, मेंढ्या, पाणी, फोटो, चहा. आज मात्र पुढच्या सीटवर त्याची आई बसली होती. डेलिया, वय एक्क्याऐंशी. देखाव्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. किलवाऱ्याच्या बिनछपराच्या मठात तिचे आईबाप पुरलेले होते आणि मेल्यावर तिला त्यांच्याशेजारीच जायचं होतं.

"बाबांशेजारी नको?" मॅनसनं विचारून पाहिलं होतं.

"पन्नास वर्षं त्याचं घोरणं ऐकलं. पुरे झालं."

सरकारी खात्यानं फर्मान काढलं होतं. मठात ज्यांच्या घरच्यांची थडगी आहेत त्यांनी जागा दाखवून वहीत आपलं नाव घालावं, आज शेवटची तारीख. पुढं तिथं नव्या कुणाला मूठमाती नाही. शेकडो वर्षांपूर्वी साधूंना हाकलून दिल्यापासून गाव आपले मेलेले तिथंच पुरत आलं, म्हणून तर त्या भिंती कुणी फोडून नेल्या नाहीत. आणि आता परवानगी हे काल आलेलं खातं देणार! दारातल्या पाटीवर साधू काय जेवायचे ते लिहिलंय, गावाचा एक शब्द नाही.

कंबर मोडल्यापासून डेलिया तीन वर्षं इथं आली नव्हती. ती काठी टेकत आत गेली आणि थांबली. गरिबांच्या थडग्यांवर नाव नसतं, नुसता धोंडा असतो. गवत कापायचं यंत्र अडतं म्हणून खात्यानं सगळे धोंडे उचलले होते. आत हिरवंगार गवत, त्यावर मॅनसचे प्रवासी फोटो काढत होते.

"धोंडे कुठं टाकलेत?" तिनं खात्याची वही घेऊन बसलेल्या ओर्लाला विचारलं.

"मी तेव्हा नव्हते हो, आजी. खड्डा खणणाऱ्याची साक्षही चालेल."

इथं खड्डा शेजारी खणतात, घरचे नाही. तिच्या आईचा चौघांनी खणला होता. तिघे मेले. चौथा फेस्टी मॅनियन तिथंच, स्वतःचं नाव घालायला आलेला. जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली माती, कापायच्या जमिनीच्या एका पट्टीवरून दोन्ही घरांत बेचाळीस वर्षं बोलणं बंद होतं.

डेलिया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आईची जागा दाखव."

"बोलता येतं वाटतं तुला! आधी कबूल कर, पट्टी माझी होती."

"नव्हती."

"मग शोध."

"आई, म्हणून टाक ना," मॅनस कुजबुजला. "लोक गाडीत बसायला लागलेत."

"बसू देत." ती फेस्टीकडेच बघत होती. "आई गेली तेव्हा भांडणाला दोन वर्षं झाली होती. न बोलावता कुदळ घेऊन आलास. तेव्हा पट्टीचं विचारलं नव्हतंस."

फेस्टीनं टोपी काढली, परत घातली. मग उत्तरेच्या तुटक्या खांबाला पाठ लावून त्यानं पाच पावलं मोजली आणि गवतावर टाच आपटली. "इथं. खाली साधूंची फरशी लागली, माझ्या कुदळीचं टोक मोडलं. बाप तुझा भिंतीकडं, आई अलीकडं. तिच्या अलीकडं एक जागा रिकामी."

"आणि त्या जागेच्या अलीकडं कुणाचं थडगं?" ओर्लानं लिहिता लिहिता विचारलं. "शेजारच्याची सही लागते, हरकत नाही म्हणून."

"मॅनियन. म्हणजे मीच."

डेलियानं ते गवत नीट पाहिलं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला हा.

"हरकत आहे का?" ओर्ला म्हणाली.

"मला काय विचारता?" फेस्टी म्हणाला. "हिला विचारा."

"पट्टी आमचीच होती," डेलिया म्हणाली.

"नव्हती," म्हणत फेस्टीनं वही ओढली आणि सही केली.