व्याह्यांना पाठ दाखवायची नाही

आमच्याकडे लग्नं जमतात पत्रिकेवर आणि मोडतात मानपानावर. माझं एकदा मोडून झालंय. साखरपुड्यात मुलाच्या काकांना फेटा आधी बांधला आणि मामांना मागाहून, एवढ्यावरून मामा जेवायला न बसता निघून गेले. चार दिवसांनी अंगठी परत आली. बाबांना त्याचं दुःख झालं, पण चूक कुणाची यावर ते अजूनही वाद घालू शकतात.

म्हणून समरजित आवडला तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, की काय वाटेल ते होवो, ही सोयरीक मोडू द्यायची नाही. समरजित आमच्याच शहरातला, समा भागातला, आयटीतला. पहिल्याच भेटीत म्हणाला, "भक्ती, मी हे मानपान वगैरे अजिबात मानत नाही." त्या एका वाक्यावर मी निम्मी विरघळले होते.

कयाकची कल्पनाही त्याचीच. साखरपुडा या वेळी धड पार पडला होता; आता तारीख ठरवायच्या बैठकीआधी दोन्ही वडिलांना एकदा मोकळ्या हवेत एकत्र आणायचं. विश्वामित्री नदीला मिळणारा एक ओढा आहे, गावाबाहेर. गावातले लोक त्याला कांस, म्हणजे नाला, म्हणतात आणि म्हशी धुतात. जाहिरातीत तो 'वाइल्डलाइफ क्रीक' आहे. पावसाळ्यात मगर सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली की शहरातले लोक गच्चीवर पळतात, आणि तेच जानेवारीत तिला बघायला पैसे भरून पाण्यात उतरतात. मीही त्यांच्यातलीच, नाही कशाला म्हणू?

रविवारी सकाळी बाबा रावपुऱ्यातल्या घरातून फेटा बांधून निघाले. बाबा म्हणजे पिलाजीराव, रेल्वेतले निवृत्त हेडक्लार्क. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते आणि त्यांनी सरकारांना कधी पाठ दाखवली नाही, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. तिकडून समरजितचे वडील जयसिंगराव आले, रिफायनरीतून निवृत्त. तेही फेट्यात. दोघांनी फेट्याखाली नारिंगी लाइफ जॅकेटं चढवली आणि एकमेकांना "या, या" म्हणत काठावर पाच मिनिटं उभे राहिले.

आमची गाइड आकांक्षा, हरणी भागातली मुलगी, प्राणिशास्त्र शिकलेली. तिनं दोघांना एक जोडकयाक दाखवली. "एक काका पुढे, एक मागे. तोंड दोघांचंही पुढे."

बाबा थबकले. "म्हणजे पुढच्याची पाठ मागच्याकडे?"

"हो."

"व्याह्यांना पाठ दाखवून बसू? मी?"

मी म्हटलं, मग तुम्ही मागे बसा. तर जयसिंगराव म्हणाले, "छे छे. मग माझी पाठ पिलाजीरावांकडे होईल. आमच्या घरात ही रीत नाही." मला फेटा आणि मामा दिसायला लागले.

तोडगा बाबांनीच काढला. पुढे बसायचं, पण उलटं, व्याह्यांकडे तोंड करून. "दरबारातून माणूस असाच मागं मागं जायचा," ते अभिमानानं म्हणाले. जयसिंगरावांनी मान डोलावली. आकांक्षानं माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले.

दुसऱ्या कयाकमध्ये मी पुढे, समरजित मागे, आणि आकांक्षा तिच्या छोट्या कयाकमध्ये एकटी. ओढा खरंच सुंदर होता. खंड्या सूर मारत होते, पाणकावळे पंख पसरून ऊन खात होते, एक कासव ओंडक्यावरून टुपकन पाण्यात गेलं. समरजित मागून हसत होता. "बघ, बघ, दोन म्हातारे. काय हे लोक गं!" मीही हसले. पुढच्या कयाकमध्ये दोघं जोर लावून वल्हवत होते, आणि तोंडं उलट असल्यामुळे कयाक जागच्या जागी गरगर फिरत होती. आकांक्षा म्हणाली, एक जण थांबा. पण व्याही कष्ट करताहेत आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं, हे दोघांनाही शोभत नव्हतं.

तेवढ्यात जयसिंगरावांच्या पाठीमागे, चिखलावर पडलेला ओंडका हलला. आठ फुटी मगर. ती सरसर उतरली आणि पाण्यात नाहीशी झाली. बाबांनी पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज काही चढला नाही. "जयसिंगराव, आपल्या मागे मगर आहे. पण आपण वळू नका."

"आपण सांगताय तर नाही वळत," जयसिंगराव म्हणाले.

"काका, ही तिची ऊन खायची जागा आहे," आकांक्षा म्हणाली. "ती काही करणार नाही, पण इथं फिरत राहू नका. दोघांपैकी एक जण वळा आणि सरळ निघा."

कुणी वळेना. मग समरजित माझ्या कानाशी वाकला आणि अगदी समजुतीनं म्हणाला, "तुझ्या बाबांना सांग ना वळायला. शेवटी मुलीकडचे आहेत."

मी वल्हं थांबवलं. मी थांबले तशी आमची कयाकही थांबली.

मागे वळून पाहिलं. त्याचं वल्हं मांडीवर आडवं, कोरडं ठणठणीत. हातात फोन. निघाल्यापासून तो व्हिडिओ काढत होता आणि मी दोघांना ओढत होते. माझे खांदे भरून आले होते, आणि मला वाटत होतं पाणी जड आहे.

मी जागेवरच, नीट वळून, त्याच्याकडे तोंड करून बसले. वल्हं मांडीवर ठेवलं. म्हटलं, "आता तू."

"एका वाक्यावरून?" तो म्हणाला. त्यानं डावीकडे दोनदा वल्हं मारलं आणि आम्ही गवतात शिरलो.

आकांक्षानं तोवर म्हाताऱ्यांच्या कयाकला दोर बांधला होता. आपल्याला कुणीतरी ओढून नेतंय, हे दोघांनाही फार पसंत पडलं. समोरासमोर, ताठ, ते काठाला लागले. मग ती आम्हाला न्यायला आली.

आम्ही पोचलो तेव्हा दोघं गळ्यात गळे घालून उभे होते. "भक्ती, तारीख ठरली," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "आणि फेटे, आहेर, पहिला मान, दुसरा मान, सगळं रद्द. मरणाच्या दारात कळलं, हे सगळं फुकटचं आहे."

"अगदी," जयसिंगराव म्हणाले.

मला रडू येत होतं, बाबांसाठी. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच वळले होते. मी बोटातली अंगठी काढली आणि जयसिंगरावांच्या हातात दिली.

बाबांना काही सुधरेना. "अगं, पण आता मोडायचं कशावरून?"

"मानपानावरून," मी म्हटलं, आणि लाइफ जॅकेटचे बंद सोडायला लागले.