चोवीस नंबरचा डबा

शुक्रवारी दुपारच्या गाडीने सांगलीहून सासूबाई यायच्या होत्या, आणि ज्ञानूने सकाळपासून तिसऱ्यांदा स्वयंपाकघर लावायला घेतले होते.

चोवीस डबे. सगळे पत्र्याचे, एका मापाचे, कोरेगावच्या बाजारातून एकदम आणलेले. प्रत्येकावर तांबड्या ऑइलपेंटने नंबर. भिंतीवर पुठ्ठ्याचा तक्ता लावलेला, कुठल्या नंबरात काय ते त्यावर लिहिलेले. फौजेत अठरा वर्षे ज्ञानूने रेशनचे स्टोअर सांभाळले होते. तिथे एक पोते कधी इकडचे तिकडे झाले नाही.

लीलाला जाऊन सात महिने झाले होते. ताप आला, डोक्यात गेला, पाच दिवसांत बाई संपली. तेव्हापासून ज्ञानूला एका जागी बसवत नव्हते. मग तो उठायचा आणि घरातले काहीतरी हलवायचा. खाट हलवून झाली, ट्रंका हलवून झाल्या. मग तो स्वयंपाकघरात शिरला.

लीलाचे डबे कधी एकासारखा एक नव्हते. एक डालड्याचा, एक बिस्किटांचा, एक चेपलेला, एकाला झाकण बसत नाही म्हणून दोरी बांधलेली. नाव कशावरच नाही. सुट्टीवर आला की तो म्हणायचा, "घर हाय का भंगाराचं दुकान?" ती म्हणायची, "सुट्टीवर आलाय न्हवं? मग घ्या की सुट्टी."

मार्चमध्ये धाकट्या पृथ्वीराजने एका डब्यातून चिमूट काढून तोंडात टाकली. तो धुण्याचा सोडा निघाला. चार वर्षांचे पोर, ओठ आणि जीभ पोळून निघाली. तीन दिवस कोरेगावच्या दवाखान्यात काढले. ज्ञानूने मनाशी ठरवले की हे बिननावाच्या डब्यांमुळे झाले. त्याने सोडा गोठ्यात नेला, लीलाचे डबे पोत्यात भरून माळ्यावर टाकले आणि हे चोवीस आणले.

पण बातमी सांगलीपर्यंत गेली होती. सासूबाईंनी कुणाकडून तरी पत्र लिहून घेतले. "दोन्ही लेकरांना माझ्याकडे घेऊन जाते. पूजाचा शाळेचा दाखला काढून ठेवावा."

ज्ञानूने उत्तर लिहिले नाही. शाळेत जाऊन दाखला मात्र काढला. घडी घालून चोवीस नंबरच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि कुणाला बोलला नाही. स्वयंपाकघर बघून सासूबाईंचे मन बदलले तर बरे, नाहीतर दाखला होताच.

सासूबाई बयाबाई आल्या, पाय धुतले आणि तडक आत गेल्या.

"आवं पावणं, ह्ये काय? रेशनचं दुकान काढलंय व्हय?"

"नंबर हायती, मामी. तक्त्यात बघायचं आन हात घालायचा. चूक हुईत न्हाई."

"मला कुठं वाचाय येतंय?"

ज्ञानूच्या हे ध्यानातच आले नव्हते. "पूजा वाचती की. तिसरी पास झाली."

"आन ह्यो?" त्यांनी पदराला लोंबकळणाऱ्या पृथ्वीराजकडे बोट केले. "ह्यो कवा वाचणार?"

त्याने तेरा नंबरचा डबा उगाच दोन बोटे सरकवून सरळ केला.

संध्याकाळी सातला बयाबाई पीठ मळत होत्या आणि लाइट गेली. रोजच जायची. पण दिवेलागणीला ज्ञानू गोठ्यात असायचा, आणि तो परत येईपर्यंत पोरे अंगणात बसून राहायची. अंधारात डबे धुंडायची वेळ कधी आली नव्हती.

"काडीपेटी कुठं हाय?" अंधारातून आवाज आला.

"सतराव्यात."

"आन सतरावा कुठं हाय?"

ज्ञानू चाचपडू लागला. घरात बॅटरी होती, पण सेल गळू नयेत म्हणून काढून ठेवले होते एकोणीस नंबरात. बोटांना चोवीस डबे एकसारखे लागत होते. एकात डाळ निघाली. दुसऱ्याचे झाकण काढले आणि तिखट नाकात गेले. तो शिंकू लागला तसे पृथ्वीराजने भोकाड पसरले.

"काडीपेटी देवळीत आसती," पूजा म्हणाली. "म्हंजे, आई आसताना आसायची."

"आन बाकीचं गं?" बयाबाईंनी विचारले.

"देवळीच्या खाली चेपलेला डबा, त्यात हळद. दोरीवाला तांदळाचा. गोल झाकणाचा मिठाचा. लाइट गेली की आई मागायची आन आमी आणून द्यायचो. बघायला लागायचंच न्हाई. पिरथ्या बी द्यायचा. त्येचा हात पुरंल तिथं, खालच्या फळीवर कोपऱ्यात, साखर. म्हणून तर त्यानं तिथं हात घातला. आबांनी तिथं सोडा ठेवला व्हता."

तिच्या बोलण्यात बापावर राग नव्हता. शाळेत धडा वाचून दाखवावा तसे ती बोलली.

ज्ञानूची शिंक तिथेच थांबली. दोन महिने तो मनातल्या मनात लीलाला बोल लावत होता. जी बाई जागेवर नाही तिला.

शेवटी पूजाच शेजारच्या रंगुबाईंकडून चिमणी पेटवून घेऊन आली.

सकाळी चूल पेटायच्या आधी ज्ञानूने माळ्यावरचे पोते खाली ओढले. बयाबाईंची नऊची गाडी होती, पिशवी दाराशी भरून ठेवली होती.

"पूजा, लाव," तो म्हणाला. "जसं हुतं तसं."

पूजा नंबरांच्या डब्यांतले सामान जुन्या डब्यांत ओतून लावू लागली. पृथ्वीराज पोत्यातून एकेक डबा काढून देत होता. चेपलेला डबा निघाला तेव्हा बयाबाईंनी तो हातात घेतला. "ह्यो रुखवतातला. येताना एष्टीच्या टपावरनं पडला. लय रडली व्हती."

मिठाशेजारी डाळ, डाळीपुढे तेलाची किटली, सगळे वाकडेतिकडे. ज्ञानूचा हात दोनदा पुढे झाला.

"आबा, तुमी बाहेर बसा," पूजा म्हणाली.

तो बाहेर गेला नाही. तिथेच पाटावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

सगळ्यात शेवटी पूजाने चोवीस नंबरचा उघडला. कागद काढला, उलगडला आणि ओठ हलवत वाचला. मग मोठ्याने म्हणाली, "शाळा सोडल्याचं कारण, आजोळी राहण्यास जाणार." तिने वर पाहिले. "ह्यो कुठं ठेवायचा? आईनं ह्याला जागा केली न्हवती."

बयाबाई जावयाकडे बघत राहिल्या.

"मामींनी लिवलं व्हतं," ज्ञानू म्हणाला. "पर जाऊन काढला मी."

"मग आमी जायाचं?"

तो उठला, परत बसला, परत उठला. "न्हाई," तो म्हणाला. "न्हाई जायाचं."

बयाबाईंनी चुलीवर चहाचे भगुने चढवले. "पिरथ्या, साखर आण रं."

पोराने वळूनसुद्धा पाहिले नाही. खालच्या फळीच्या कोपऱ्यात हात घातला आणि बिस्किटाचा डबा आणून दिला. बयाबाईंनी चिमूटभर आधी स्वतःच्या जिभेवर ठेवली. थोडा वेळ थांबल्या. मग तीन चमचे भगुन्यात टाकली.

"मास्तर सुट्टीत घरीच आसतील," त्या म्हणाल्या. "कागद त्येंचा त्येस्नी देऊन या."

"तुमची गाडी?"

"दुपारी बी हाय की. पर दिवाळीला येणार हाय मी. आन पत्र धाडून न्हाई येणार, सांगून ठेवते."

ज्ञानूने दाखला खिशात घातला, वहाणा चढवल्या. दारातून वळून पाहिले तर तांदळाचा डबा फळीच्या अगदी कडेला आला होता, चांगला दोन बोटे.

"पूजा."

"काय?"

"काय न्हाई," तो म्हणाला आणि चालू लागला.