शैलाबाईंच्या माश्या

"मक्खियां बनाती मैं," शैलाबाई म्हणाल्या.

नारायणगुड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, तेलुगू होते. काम काय करता, एवढंच त्यांनी विचारलं होतं. उत्तर आपल्यालाच नीट कळलं नाही असं वाटून त्यांनी शेजारी बसलेल्या मुलीकडे, ईशाकडे पाहिलं. ईशा मोबाइलमध्ये होती. मग शैलाबाईंनीच समजावून सांगितलं. बाहेर देशात लोक गळाला गांडूळ लावत नाहीत, खोटी माशी लावतात. गळावर दोरा गुंडाळायचा, त्यात सशाची लव आणि कोंबड्याच्या मानेचं पीस बांधायचं, की पाण्यावर पडलेल्या किड्यासारखं काहीतरी तयार होतं. ट्राउट नावाचा मासा त्याला फसतो. काचीगुडा स्टेशनामागच्या एका कारखान्यात बसून त्या अठ्ठावीस वर्षं अशा माश्या बांधत होत्या.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं की साखरेमुळे पडद्याचा मधला भाग खराब झाला आहे. इंजेक्शनांनी पुढचं थांबेल, पण गेलेलं परत येणार नाही. बारीक काम आता सोडून द्या.

शैलाबाईंना यात नवीन काही वाटलं नाही. चार महिन्यांपासून सरळ बघितलं की मधोमध धूर दिसत होता. गळ बघायचा तर मान वाकडी करून, कोंबडी दाण्याकडे बघते तसं, कडेनं बघावं लागायचं. कारखान्यात माल तपासणारी पद्मावती त्यांच्या माश्या परत करू लागली होती. बाई मनानं चांगली, म्हणून बाकीच्या जेवायला उठल्या की मगच गुपचूप त्यांच्या टेबलावर आणून ठेवायची.

घरी जाताना रिक्षात ईशानं विचारलं, "मम्मी, तू तो मासा कधी बघितलास?"

"कुठं बघणार? हुसेनसागरात थोडाच असतो तो."

रिक्षा काचीगुड्याच्या चौकात अडकली होती, पुढे बस, मागे बस. ती सुटेपर्यंत ईशानं मोबाइलवर चंदीगडची दोन विमानाची तिकिटं काढली होती. दसऱ्याला जोडून तिला सुट्टी होती. आईला विचारलं की ती नको म्हणते, हे माहीत असल्यामुळे ईशा हल्ली अशी कामं आधी करायची आणि मग सांगायची. शैलाबाई "नक्को माय, माझे गुडघे बघ की," म्हणाल्याच. पण तिकिटं परत होणारी नव्हती. वडील गेल्यापासून अकरा वर्षांत या मायलेकी तुळजापूरच्या पुढे कुठे गेल्या नव्हत्या.

अशा रीतीनं शनिवारी सकाळी शैलाबाई हिमाचलात, तीर्थन नदीच्या काठी एका धोंड्यावर येऊन बसल्या. विमान, मग टॅक्सी, मग डोंगरातले वळसे. त्यांचं अंग अजून हलत होतं. पाय सुजले होते. अंगात ईशाचा स्वेटर होता, तो दंडाला आवळत होता.

त्यांना नदीवर घेऊन आलेले दिलीप ठाकूर पन्नाशीचे होते. डोक्यावर पट्टीची टोपी, पायात मांड्यांपर्यंतचे रबरी बूट. मासे धरण्याचा परवाना त्यांनीच काढून आणला होता. ईशाला पाण्यात उभं करून ते छडी मागे कशी न्यायची, क्षणभर कशी थांबवायची, दोरी पुढे कशी सोडायची ते शिकवू लागले. त्यांनी सहज विचारलं, तुम्हाला हे असं अचानक कसं सुचलं? ईशा म्हणाली, "मेरी मम्मी ये बनाती हैं. ये मक्खियां. अठ्ठाईस साल से."

शैलाबाईंनी ते ऐकलं. ईशा शाळेत असताना मैत्रिणींना सांगायची, माझी मम्मी एक्स्पोर्टच्या ऑफिसात आहे. ते खोटं नव्हतं, म्हणून शैलाबाईंनी कधी दुरुस्त केलं नव्हतं. आज ती हे उघड बोलली, पण आनंद व्हावा एवढी ताकद शैलाबाईंच्या अंगात उरली नव्हती. त्यांना फक्त झोप येत होती.

दिलीप ठाकूर मात्र हात पुसून जवळ आले. दाखवा म्हणाले. शैलाबाईंनी पर्समधून गोळ्यांची डबी काढली, सोमवार ते रविवार अशा सात खणांची. त्यात गोळ्या नव्हत्या, माश्या होत्या. कारखान्यातून परत आलेल्या नव्हेत, चांगल्या दिवसांतल्या. एकेक माशी दिलीप ठाकूरांनी उचलून बराच वेळ उलटसुलट पाहिली. मग त्यातली सोळा नंबरच्या छोट्या गळाची निवडून त्यांनी ईशाच्या दोरीला बांधली.

तासभर काही झालं नाही. माशी पाण्यावर पडायची, वाहत जायची, ईशा ती परत ओढायची. शैलाबाईंना दोरी दिसत नव्हती, माशी तर नाहीच. दिसत होती फक्त चकाकी आणि तिच्या मधोमध तो धूर. शेवटी धोंड्याला पाठ टेकून त्या झोपून गेल्या.

दहाच्या सुमाराला ईशानं उठवलं. इथं नाही तर दुसरीकडे बघू, असं ठरलं होतं. जीपमधून ते पलाचनवर गेले. ही नदी लहान, जास्त उताराची, तिचा आवाज मोठा. वाटेवरून उतरताना शैलाबाईंनी एका बाजूला ईशाचा आणि दुसऱ्या बाजूला दिलीप ठाकूरांचा हात धरला. तिथंही तेच झालं. दोन ठिकाणी मासा वर आला, माशीपाशी येऊन वळला आणि खाली गेला. ईशानं ते पाहिलं आणि आईला सांगितलं. मग दिलीप ठाकूरांनी पाठ वळवून दोरीची माशी बदलली. आपल्या डबीतली लावली. दहा मिनिटांत वीतभर मासा लागला, काठाशी येता येता सुटून गेला.

पाठ वळवलेली शैलाबाईंना दिसली होती. कडेचं त्यांना सगळं दिसायचं.

दुपारी एका दुकानात राजमा-भात खाताना त्यांनी विचारलं, "मेरी मक्खी में क्या खराबी है? सच्ची बोलो, बुरा नै मानती मैं."

दिलीप ठाकूरांनी ताटात भात कालवला, पुन्हा कालवला. म्हणाले, "खराबी नहीं है आंटीजी. ज़्यादा सुंदर है."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. त्यांच्याकडे येणारे पाहुणे बाहेरून अशाच माश्या आणतात. भरदार, लांब मिशांच्या, चमकदार. दुकानातल्या काचेत त्या उठून दिसतात आणि माणूस विकत घेतो. मोठ्या पाण्यात, गढूळ पाण्यात त्या चालतातही. पण ऑक्टोबरमध्ये इथलं पाणी काचेसारखं होतं. मासा खालून बघतो. त्याला एवढा साज लागत नाही. पाहुण्यांच्या माश्या ते कात्रीनं अर्ध्या करतात आणि मग वापरतात.

ईशा मध्येच म्हणाली की मम्मीला कारखान्यातून जसा नमुना मिळतो तशीच ती बांधते, त्यात तिचा काय दोष. शैलाबाईंनी तिला हातानंच थांबवलं. आपला दोष आहे की नाही हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. त्यांना आठवत होतं की सुरुवातीच्या वर्षांत त्या बारीक बांधायच्या. मालकांनी दोनदा परत केलं होतं. पीस जास्त घ्या, गिऱ्हाइकाला माल दिसला पाहिजे. मग हाताला तीच सवय लागली. त्या जेवल्या, साखरेची गोळी घेतली आणि आता घरी चला म्हणाल्या. घरी म्हणजे मुक्कामाच्या खोलीवर.

"अजून एकच नाला आहे, मम्मी. ते म्हणतात रस्त्यालाच लागून आहे. तू गाडीत बस."

तो नाला खरंच रस्त्याला लागून होता. नाव विचारलं तर दिलीप ठाकूर म्हणाले, नाव कशाला, नाला आहे. देवदारांतून उतरलेलं पाणी, दहा पावलांत ओलांडता येईल एवढंच. शैलाबाई गाडीत बसल्या नाहीत. गाडीत पेट्रोलचा वास होता. त्या काठावरच्या सपाट दगडावर येऊन बसल्या.

दिलीप ठाकूरांनी पाण्यातला एक दगड उलटा केला, त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेलं काहीतरी नखानं सोडवलं आणि शैलाबाईंच्या तळहातावर ठेवलं. म्हणाले, हेच मासे खातात. यालाच पुढे पंख फुटतात.

शैलाबाईंनी मान वाकडी केली. हात उन्हात धरला, थोडा डावीकडे नेला. तिथं धूर नव्हता. जिऱ्याएवढं काहीतरी होतं, मातकट. शेपटीला तीन केस. पोट मागे निमुळतं होत गेलेलं. ते हललं तेव्हा तळहाताला काहीच कळलं नाही, इतकं हलकं. ज्याच्या नकला त्या इतकी वर्षं करत होत्या ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्या खूप वेळ पाहत राहिल्या. मग हात पाण्यात बुडवून त्यांनी ते सोडून दिलं.

"एक खाली गळ दे म्हणावं, नुसता," त्या ईशाला म्हणाल्या.

गळ घट्ट धरायचा शिकंजा नव्हता. पहिल्या वर्षी सुशीलाबाई नावाच्या म्हाताऱ्या कारागिणीनं त्यांना शिकंज्याशिवाय, नुसत्या बोटांत धरून बांधायला शिकवलं होतं. त्यांनी डबीतल्या आपल्याच एका माशीचा दोरा नखानं तोडून ती उलगडली. भरदार पिसाचं एकच टोक ठेवलं, बाकीचं वाऱ्यावर गेलं. दोरा दातात धरला. गळाकडे बघायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. डोळे मिटून घेतले.

कारखान्यात एका माशीला चार मिनिटं लागायची. इथं अर्धा तास लागला. गळ दोनदा बोटात घुसला, तेव्हा ईशा "दे, मी धरते" म्हणाली. शैलाबाईंनी मानेनंच नको म्हटलं. गाठ मारायला त्यांनी तीनदा घेतलं. शेवटी जे झालं ते ओबडधोबड होतं, एका बाजूला कललेलं. पद्मावतीनं ते नक्की परत केलं असतं.

दिलीप ठाकूरांनी ते हातावर घेतलं आणि या वेळी लगेच मान डोलावली. दोरीला बांधून छडी शैलाबाईंपुढे केली. मला उभं राहवत नाही, असं सांगून त्यांनी ती ईशाला द्यायला लावली.

ईशाची पहिली दोरी झुडपात अडकली. दुसरी चुकीच्या जागी पडली. तिसऱ्यांदा माशी एका धोंड्यामागच्या गोल पाण्यात उतरली, थोडी फिरली, आणि पाण्याला भोक पडावं तशी नाहीशी झाली. छडी वाकली. ईशा ओरडली नाही, घाबरून दिलीप ठाकूरांकडे बघत राहिली. ते शेजारी उभे राहून हळू आवाजात सांगत गेले, ढील द्या, आता ओढा, आता थांबा.

मासा जाळीत आला तेव्हा ईशा रडत होती. का, ते तिला सांगता आलं नसतं. आईकडे न बघता तिनं बाहीनं तोंड पुसलं. दिलीप ठाकूरांनी गळ सोडवला. मासा सोडायचा होता, तसा त्यांचा नियम होता. पण तो दमला होता, तसाच सोडला असता तर उलटा होऊन वाहून गेला असता. त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवायचं, दम आला की तो आपणच जातो. त्यांनी शैलाबाईंना बोलावलं, आंटीजी, आप पकडिए. हात आधी भिजवायला सांगितले.

शैलाबाई दोघांच्या आधारानं काठाशी आल्या, गुडघे टेकले, साडी भिजली. पाणी इतकं थंड होतं की मनगटापर्यंत दुखलं. मासा त्यांच्या दोन्ही हातांत दिला गेला. त्यांनी मान वाकडी केली, मग सरळ केली. उन्हाची चकाकी होती, धूर होता, मासा दिसला नाही. हातांना मात्र कळत होतं. गुळगुळीत, जड, बोटांच्या आत काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. आधी हळू, मग जोरात.

"दिसायला का, मम्मी? त्याच्या अंगावर लाल ठिपके आहेत," ईशा म्हणाली.

"हौ," शैलाबाई म्हणाल्या.

मग एक धक्का बसला आणि हातातलं वजन गेलं. दिलीप ठाकूर उठले, छडी गुंडाळायला लागले. गेला, चल आता, पाणी गार आहे, असं ईशा म्हणाली. शैलाबाई उठल्या नाहीत. त्यांनी हात तसेच ठेवले होते, पाण्याखाली, मासा मावेल एवढं अंतर ठेवून, आणि पाणी त्यांच्यातून वाहत होतं.