विनोदचा नंबर

मी न घेतलेल्या कर्जाचे हप्ते मागायला दोन माणसं पाड्यावर आली आणि जाताना माझ्या चैतीचा फोटो काढून गेली. पोरीचा फोटो कशाला, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. नवरा ठाण्याला कामावर. मला झोप कसली लागते. सकाळी चैतीला घरी ठेवलं, खोडाळ्याहून जीप धरली आणि जव्हारला त्या कर्जवाल्या कंपनीच्या ऑफिसात गेले. माझ्या नावावर अंगठा कोणी दिलाय, फोटो कोणाचा लावलाय, तेवढे कागद मला बघायचे होते.

टेबलामागं हर्षदा नावाची मुलगी होती. मी आधार कार्ड पुढं केलं.

"कार्डावर भागणार नाही, ताई. कर्जाच्या वेळी दिलेल्या नंबरवर कोड जाईल. तो सांगितलात की तुम्ही मीनाच आहात हे पटेल आणि फाइल उघडेल."

"मी मीनाच हाय. ह्यो फोटो बघा की."

"मला पटतंय हो. कॉम्प्युटरला पटायला पाहिजे."

माणूस समोर उभा आणि खात्री यंत्राची. मला रागच आला. पण तिनं नंबर वाचला आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण नंबर विनोदचा होता. आमच्या पाड्यात रेंज येते ती टेकडीवरच्या त्याच्या घरातच. रेशन असो, गॅस असो, सगळा पाडा त्याचाच नंबर देतो. आधारच्या झेरॉक्सही त्याच्याकडंच असतात. कोड आला की तो वरून ओरडून सांगतो.

हर्षदानं कोड पाठवला आणि तिच्याच फोनवरून मी त्याला लावला. "विनोद, मीना बोलते. कोड आला आसंल, सांग बरं."

तो म्हणाला, "कुठं हाय तुम्ही, वहिनी?"

असं त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं.

"जव्हारला. कर्जाच्या ऑफिसात."

त्यानं फोन कापला.

ह्या कंपनीला मी कधी कुठला नंबरच दिला नव्हता, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि त्या दिल्या आम्हीच, साऱ्या पाड्यानं मिळून.

स्क्रीनकडं बघता बघता हर्षदाचाही चेहरा उतरला. "कोडबरोबर लिंक जाते, तिच्यावरून तो तिकडूनच टाकला गेलाय. ओळख पटली म्हणून दाखवतंय. फाइल त्या नंबरवर गेली."

"कोणाची ओळख पटली?"

"तुमची."

तिचा फोन वाजला. विनोदच होता. आवाज अगदी मऊ.

"कागद मला मिळाले, वहिनी. उगा कशाला तिकडं हिंडता? चैतीला मी वर बोलवून घेतलंय. हितंच बसलीय. या तुम्ही, बोलू. कोणाला संगं आणू नका."

"तिला फोन दे."

पोलिसांना लावू का, असं हर्षदानं हळूच विचारलं. मी हातानंच तिला गप्प केलं. चैतीचा आवाज येतो का, ते मी ऐकत होते.