शेवटची दोन प्रकरणं

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे आणि मी चिडलेली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात. मला ते जमणार नाही.

छापखान्यात माझा कागद स्वस्तातला वापरला, पण शिलाई पक्की घातली. चोवीस प्रकरणं, एक मोठं घर, विष घालून मारलेला एक म्हातारा आणि सात संशयित, एवढा माझा संसार. बरीच वर्षं मी एका वाचनालयात होते. तिथे मला हातोहात नेत. एका घरातून परत आले की दुसरं घर तयारच असे. मग वाचनालय बंद पडलं आणि मी रद्दीत गेले. तिथून औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईने मला उचललं.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. रविवारी तो तीन तास बॅडमिंटन खेळे आणि सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याचं अंग आंबून जाई. मग सतरंजीवर आडवं पडायचं, पोटऱ्यांना मलम चोळायचं आणि पाय खुर्चीवर टाकायचे. दुपारी ती दुकानातून आली की शेजारी बसून मला मोठ्याने वाचे. एका सोमवारी एकच प्रकरण, हा नियम होता. प्रकरण संपलं की त्याने खुनी ओळखायचा. तो दर आठवड्याला नवा माणूस धरी. एकदा त्याने मेलेल्या म्हाताऱ्यावरच संशय घेतला, तेव्हा तिला हसू आवरेना. विषाचं वर्णन आलं की ती वैतागे. एवढ्याशा मात्रेने उंदीरसुद्धा मरत नाही, लिहिणाऱ्याने आमच्या दुकानात येऊन विचारायचं होतं, असं ती म्हणे. मला राग येत नसे. इतकं मन लावून मला कुणी वाचलंच नव्हतं.

बावीस प्रकरणं झाली. तेविसाव्याच्या सोमवारी तिचा घसा बसला होता, म्हणून वाचन राहिलं. पुढच्या सोमवारी ती हॉस्पिटलात होती. महिनाभरात ती गेली.

त्याने रॅकेट खिळ्याला टांगली आणि मला कपाटात ठेवलं. तो कपाट पुसायचा, पण माझ्याभोवतीच फडकं फिरवायचा. वर्षभर मी शेवट पोटात धरून बसले. दोन प्रकरणांनी तुझं काय बिघडणार आहे, असं मला ओरडावंसं वाटे.

मग एके दिवशी त्याचा खेळातला जोडीदार आला. त्याला सगळे पंच म्हणतात, कारण बॅडमिंटनचं प्रत्येक फूल रेषेच्या आत पडलं की बाहेर याचा निकाल तोच देतो. खेळायला चल म्हणून त्याने बरीच मनधरणी केली. हा हलेना, तेव्हा जाताना पंचाने कपाटातून मला उचललं. सोमवारी त्याचंही अंग दुखतं, पडल्या पडल्या वाचेन म्हणाला. यांच्या सोमवारांविषयी त्याला काहीच माहीत नव्हतं.

त्याच्या घरी माझे काय हाल झाले! त्याने माझ्यावर चहाचा कप ठेवला, माझी पानं दुमडली, मला आपटून डास मारले. ते सगळं मी सोसलं. पण परत देताना त्याने पहिल्या पानावर बॉलपेनने खुन्याचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘घे, तुझा वेळ वाचवला.’ ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. मला तेवढी रीत आहे.

याने पान उघडलं, वाचलं आणि मिटलं. रविवारी त्याने रॅकेट काढली, मला पिशवीत टाकलं आणि हॉल गाठला. पंच खूश झाला. हा मात्र जाळीच्या पलीकडे उभा राहिला आणि दोन तास फूल त्याच्या अंगावर मारत सुटला. शेवटी धापा टाकत पंचाने विचारलं, अरे बाबा, मी केलं तरी काय? याने मला त्याच्यासमोर बाकावर आपटलं.

“आमची दोन प्रकरणं राहिली होती,” तो म्हणाला.

पंचाला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. “मला खरंच माहीत नव्हतं रे. ब्लेडने खरवडून देतो.”

“राहू दे. तुझा काय दोष?” हा खाली बसला. “तिने पुस्तक माझ्या हातात दिलं होतं. अहो, माझा घसा बसलाय, आज तुम्ही वाचा, म्हणाली. मी म्हटलं, कालच्या खेळाने माझा हात वर होत नाही. पुढच्या सोमवारी बघू.”

पंच त्याच्या शेजारी टेकला.

सोमवारी याचा हात खरोखरच वर होत नव्हता. तरी सतरंजीवर पडून, मला छातीवर टेकवून, त्याने तेविसावं प्रकरण मोठ्याने वाचलं. तो अडखळत होता, ओळी चुकत होता. नियम मोडून त्याने लगेच चोविसावंही वाचलं. संपल्यावर त्याने मला मिटलं नाही. तो चिडून एवढंच म्हणाला, की अर्धा तास लागला, फक्त अर्धा तास.

मित्रांनो, माझ्यासारखीवर कप ठेवू नका आणि खुन्याचं नाव तर मुळीच लिहू नका. पण त्याहून मोठी गोष्ट सांगते. तुम्हाला वाचून दाखवणाऱ्या माणसाचा घसा बसला, तर पुस्तक त्याच्या हातातून घ्या. तुम्ही दमलेले असलात तरी घ्या.