'बंद'च्या पुढचा आवाज

जिन्यात चपलांचा नुसता खच पडला होता आणि वरच्या खोलीत भर दुपारी पडदे ओढून अंधार केला होता. शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे, पाहुण्यांना नुसतं सोडायला आलेले, सगळे भिंतीला पाठ टेकवून श्वास रोखून बसलेले. मध्ये टेबल. टेबलावर लाकडी पेटी, पेटीवर काळा रुमाल आणि रुमालाखाली हात घालून पलीकडचे मामा.

ते कुणाचे मामा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मेलेली माणसं त्यांच्याशी बोलतात म्हणून पलीकडचे, आणि बायकांनी बिनघोर दार उघडावं म्हणून मामा.

"आत्मा म्हणजे लहर," मामा सांगत होते. "लहर म्हणजे कंपन. आणि कंपन म्हणजेच आत्मा. हे विज्ञानानं सिद्ध केलंय!"

"मग आमच्या मिक्सरमध्ये अख्खं स्मशानच नांदत असेल," कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला.

त्या ठसकेबाई. गल्ली त्यांना पाठीमागे ह्याच नावानं ओळखायची, आणि ते कानावर आलेलं असूनही त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. उलट पाठ थोडी अधिकच ताठ करायच्या. एरवी त्यांनी मामांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं असतं. पण सुनेनं हट्ट धरला होता. आणि पेटी त्यांच्या नवऱ्याची होती.

नवरा दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन तारा जोडत बसायचा. ही पेटी त्याच्या हातची. समोर एकच गोल बटण, त्याला बाण कोरलेला, आणि भोवती त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: रेडिओ, टेप, माईक, बंद. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. मामांनी ती पेटी आणि त्याच्या जुन्या टेप 'कंपनं जुळवायला' म्हणून नेल्या होत्या आणि आज परत आणल्या होत्या.

"नीट बघा. बाण 'बंद'वर आहे," मामांनी रुमाल उचलून दाखवला, पुन्हा पसरला. "मी हात नुसता टेकवतो. विचारा."

सगळ्यात आधी गल्लीतला दुकानदार पुढे सरकला. "काका, दुकानात भावाला भागीदार घेऊ का?"

रुमाल हलला. पेटी खरखरली.

"नको."

खोलीभर शहारा उठला. आवाज ठसकेबाईंच्या नवऱ्याचाच होता. तसाच जड, शेवटी थोडा घसरणारा. वर्षभर ठसकेबाई घरात भांडी आपटत होत्या ते त्याच्यामागे उरलेल्या शांततेला घाबरून, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग शिंपीणबाईंनी विचारलं, घर बदलू का? नको. कुणी विचारलं, मुलाला परगावी धाडू का? नको.

"जिवंतपणीही असंच होतं," ठसकेबाई पुटपुटल्या. "जेवायला वाढू का म्हटलं तरी आधी नको."

शेवटी सून उठली. तिच्या मांडीवरून तिची लेक पिटुकली खाली उतरली. पिटुकलीला फिट्स येत. एकदा न्हाणीघरात पडली तेव्हा कपाळ फुटलं होतं; ती खूण अजून होती. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून पोर एकदाही पडली नव्हती. पण गोळ्यांनी वर्गात पेंगते, अभ्यासात मागे पडते, म्हणून सून रात्रंदिवस कुढायची.

"बाबा," सुनेनं विचारलं, "हिच्या गोळ्या चालू ठेवू का?"

"नको."

सून फडताळाकडे गेली आणि गोळ्यांची बाटली घेऊन मोरीकडे वळली.

"थांब," ठसकेबाई म्हणाल्या.

"आई, बाबांनीच सांगितलं! तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं. म्हणूनच म्हणते, थांब. अहो मामा, पुन्हा ऐकवा."

"आत्म्याला असं राबवायचं नसतं, बाई."

"माझा नवरा आहे. पस्तीस वर्षं राबवलाय. ऐकवा!"

लोक हसले, आणि हसताना घाबरलेही. मामांचा रुमाल हलला. "नको." आणि त्या शब्दाच्या शेपटाला, खरखरीत बुडता बुडता, आणखी काहीतरी. बाईचा आवाज. अर्धाच.

"अहो..."

ठसकेबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. तो आवाज त्यांचा स्वतःचा होता.

क्षणभर त्यांना खरंच वाटलं, आपण मेलोय आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही. मग गुडघा दुखला. तसा तो रोजच दुखायचा.

"मी इथे खुर्चीत बसलेय," त्या सावकाश उठल्या, "आणि मी पलीकडूनही बोलतेय? एका जागी तरी मी नसणार. हात काढा तो."

"नास्तिकाचा हात लागला तर पेटी जळेल!"

"जळू दे. पुसायला मीच आहे." त्यांनी रुमाल ओढून फेकला. मामांचा हात उघडा पडला. बाण 'बंद'वर नव्हता. 'बंद'च्या पुढे, कोऱ्या जागेवर होता.

ठसकेबाईंनी बटण उलटं फिरवून 'बंद'वर आणलं. मग पुढे लोटलं. ते टिक् करून सरळ पुढे गेलं.

"नको," पेटी म्हणाली.

इथे त्यांचा हात थबकला. वर्षानुवर्षं कणकेच्या हातानं त्यांनी हे बटण फिरवलं होतं. 'बंद'ला ते भिंतीला धडकल्यासारखं अडायचं. तसं अडावं म्हणूनच नवऱ्यानं ते निवडलं होतं. ते विकत घ्यायच्या दिवशी त्यांना दुकानात ताटकळत ठेवून तो एकेक बटण कानाशी धरून फिरवत होता. ह्याची टिक् मऊ आहे, महिन्यात सैल पडेल. हे पहिली तार सोडायच्या आधीच दुसरी धरतं. रेडिओ आणि टेप एकदम बोलतील. आपल्याला आधी सोडणारं आणि मग धरणारं हवं. ह्याला जागा सहा आहेत, आपल्याला चारच लागतात. मग तिथल्या दुकानदारानं नटाखालची जीभ असलेली चकती दाखवली. जीभ ज्या भोकात बसवाल, तिथेच बटण थांबतं. "बघ," नवरा खूश होऊन म्हणाला होता, "कुठे थांबायचं ते ह्याला सांगता येतं." "तुम्हाला कुणी सांगायचं? बस गेली!" असं त्या म्हणाल्या होत्या.

आता बटण थांबत नव्हतं.

ठसकेबाईंनी ते पुन्हा 'बंद'वर आणलं. "सूनबाई, इकडे बघ. आता मी विचारते. अहो, पोरीच्या गोळ्या बंद करू का?"

टिक्.

"नको."

सुनेचा बाटली धरलेला हात खाली आला.

"ह्या मामांवर विश्वास ठेवू का?"

"नको."

कुणीतरी फसकन हसलं. दुकानदार मान खाली घालून नखं बघू लागला.

ठसकेबाई भिंतीशी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे वळल्या. "अरे, पडदे उघड. पेचकस आण."

मुलानं बटण उपसलं, नट काढला. चकती नव्हती. मागची फळी उघडली तर पाचव्या जागेला दोन नव्या चकचकीत तारा, आणि त्यांच्या टोकाला बटणसेल लावलेली बोटभर पट्टी.

"आजी, हे माझ्या बोलणाऱ्या अस्वलात असतं!" पिटुकली ओरडली. "पोट दाबलं की तेच तेच बोलतं!"

मामा तोवर जिन्यात चपला शोधत होते. सापडल्या नाहीत, तसेच अनवाणी गेले. पिशवी मात्र राहिली. तिच्यात जुन्या टेप होत्या.

मुलानं त्या लावून बघितल्या. तिसऱ्या टेपवर तो आवाज आला. आधी ठसकेबाईच बोलत होत्या: "पंखा लावू का?" मग नवरा: "नको." मग पुन्हा त्या: "अहो, घामानं निथळताय की!" आणि नवरा: "वारा लागला की तारांना डाग द्यायची सळई थंड पडते गं."

इतकंच होतं. पलीकडून आलेला हुकूम म्हणजे पंख्याला दिलेला नकार.

लोक चुळबुळत उठू लागले तशा ठसकेबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "ऐकून जा. आवाज म्हणजे माणूस नव्हे. कुणीही तो कापून पेटीत भरू शकतं. जे एकच उत्तर देतं, त्याला उलटा प्रश्न विचारून बघायचा. एवढी अक्कल शाळा न शिकलेल्या मलाही आहे, तुम्हाला तर शिकवलंय. रुमाल दिसला की आधी तो उचलायचा. आणि पोराचं औषध ज्या डॉक्टरनं सुरू केलं, त्यालाच विचारून बदलायचं. पेंगते म्हणून त्याला सांगा. मेलेल्याला काय सांगता? त्याला तिचं आजचं वजनही ठाऊक नाही."

सगळे गेल्यावर सुनेनं मुकाट्यानं बाटली उघडली. पिटुकलीनं गोळी घेतली, वर तोंड वाकडं केलं.

"आई, ही पट्टी फेकू?" मुलानं विचारलं.

ठसकेबाई पेटीकडे बघत राहिल्या. एक टिक्, आणि खोलीत तो पुन्हा बोलला असता. बोट शिवशिवत होतं.

"फेक. आणि बाजारातून जीभवाली चकती आण. बटण 'बंद'ला अडलंच पाहिजे." मग त्यांनी टेपकडे बोट केलं. "ती टेप मात्र ठेव. ऐकावंसं वाटलं तर 'टेप'वर ऐकीन. टेप म्हणून."