दहापैकी दहा

"दिसलं," संगमेश्वर सर म्हणायचे. दोन वर्षं मी हा एकच शब्द ऐकला.

चाल अशी आहे. पत्त्यांच्या कॅटमधली वरची दोन पानं, एकच पान आहे असं दाखवून, एकदम उलटायची. बघणाऱ्याला वाटतं, सगळ्यात वर बदाम सत्ती आहे. खरं तर ती दुसऱ्या नंबरला असते. दोन्ही पानं परत पालथी करायची आणि वरचं पान समोरच्याच्या मुठीत द्यायचं. मूठ उघडली की सत्तीच्या जागी किलवर राजा निघतो. सगळा भार करंगळीवर. तिच्या टोकानं दोन पानांखाली जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट धरून ठेवायची, आणि ती कुणाला दिसता कामा नये.

मी सकाळी लातूरच्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांची भौतिकशास्त्राची प्रॅक्टिकलं घेते. उरलेला वेळ सरांच्या जादूच्या ग्रुपचा. ग्रुप म्हणजे सर, टेम्पो आणि साउंड सांभाळणारे बालाजीभाऊ, आणि मी. माझं काम पेटीत बसायचं. सर पेटीत तलवारी खुपसतात, मी आत अंग चोरते आणि शेवटी हसत बाहेर येते. माईकवर माझं नाव 'मिस राणी' असतं. खरं नाव वर्षाराणी, ते कुणी घेत नाही. सरांनी पहिल्याच दिवशी शब्द दिला होता: ज्या दिवशी ही चाल त्यांना दिसणार नाही, त्या दिवसापासून प्रत्येक कार्यक्रमात दहा मिनिटं माझी. त्या दहा मिनिटांसाठी मी दोन वर्षं गुडघे छातीला लावून पेटीत बसले.

कॅट मी उजव्या हातात धरते. सगळे डाव्यात धरतात. आमच्या घरी अव्वा, म्हणजे माझी आई, रोज सकाळी अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसते. मी पहिल्यांदा पत्ते आणले तेव्हा तिनं फक्त एवढंच म्हटलं, "त्या तळव्यावर पत्ते नको गं बाई." मी फारशी देवाधर्माची नाही, पण तिच्याशी वाद घालण्याइतकं मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. सगळी चाल आरशात दिसते तशी उलटी शिकले. उजव्या हातात कॅट, उजव्या करंगळीनं फट, डाव्या हाताच्या बोटांनी पान उलटायचं. त्यात चार महिने जास्त गेले.

रोज पन्नास वेळा करायचं आणि वहीत लिहायचं, हा माझा नेम. एका रकान्यात मोबाइलचं मत: समोर मोबाइल ठेवून शूटिंग करायचं, मग सावकाश चालवून फट दिसते का बघायचं. दुसऱ्या रकान्यात सरांचं मत. मागच्या दिवाळीपर्यंत मोबाइल पन्नासातल्या सेहेचाळीस चाली स्वच्छ म्हणायला लागला. सरांचा रकाना मात्र पहिल्या दिवसापासून सारखाच. पाच दाखवल्या, पाच दिसल्या. मी ठरवून टाकलं की सरांची नजर मोबाइलपेक्षा तीक्ष्ण आहे. मग त्यांच्यासमोर बसलं की मला वाटायचं, बरोबर आहे, दिसणारच.

मापायचा व्हर्नियर हातात घेतला की आधी त्याची शून्य त्रुटी बघा, म्हणजे मध्ये काहीच नसताना तो किती दाखवतो ते, हे मी पोरांना रोज सांगते. सरांची त्रुटी बघायला मला दोन वर्षं लागली.

त्या दिवशी सर खुर्चीत बसून उदगीरच्या कुणाशी फोनवर बोलत होते. त्यांनी हातानंच खूण केली, दाखव. मी खिशातलं नाणं टेबलाखाली उडवत गेले. छापा आला तर दोन पानं उलटायची, काटा आला तर खरंच एकच, काही चलाखी नाही. दहा वेळा केलं. सहा वेळा छापा, चार वेळा काटा. सर फोनवरून तोंड बाजूला करून दहाही वेळा म्हणाले, दिसलं. शेवटच्या वेळी एकच पान होतं. सर म्हणाले, "दोन पानं हायेत, स्पष्ट दिसलं. अजून लई कच्चं हाय तुझं."

माझ्या हातात नसलेलं पान त्यांना चार वेळा दिसलं होतं.

मी कॅट खिशात घातला आणि बाहेर आले. बालाजीभाऊ टेम्पो पुसत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"ते सगळ्यांला तसंच म्हणतेत, ताई. तुमच्याआधी शिवगंगा होती. तीन वर्षं पेटीत बसली. तिचं बी असंच. ही कला माझ्या हातातच न्हाई म्हणली अन् सोडून गेली. आता उदगीरला मेडिकलवर हाय."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही पत्ते खेळायला लागलाव तर पेटीत काय मी बसू?" ते हसले, मग माझ्याकडे बघून परत टेम्पो पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नासातल्या एकोणीसच चाली स्वच्छ आल्या. रागानं बोटं आवळली जात होती, पानं मध्ये वाकत होती, फट तीन मिलिमीटर. त्याचाही राग आला. ह्या माणसानं माझी दोन वर्षं घेतली आणि आता हातही घेतोय. अव्वा पूजा आटपून माझ्यासमोर येऊन बसली. थोडा वेळ तिनं नुसतं बघितलं आणि विचारलं, मनात कुणाला शिव्या द्यायलीस, मोठ्यानं दे की.

मी दिल्या. पान उलटताना सरांना जे जे म्हणायचं होतं ते सगळं मोठ्यानं म्हणाले. जबडा उघडला की बोटं ढिली पडतात, हे मला माहीत नव्हतं. अव्वा मध्येच म्हणाली, आत्ता फट दिसली, आत्ता न्हाई. मोबाइलशी ताडून बघितलं. तिचं बरोबर होतं. तीन आठवडे रोज पन्नास शिव्या, पन्नास पानं. सत्तेचाळीस स्वच्छ.

किनवटकडच्या एका आश्रमशाळेच्या मुलींच्या वसतिगृहात कार्यक्रम होता. पेटी लावून झाली. सर शाळेच्या लोकांशी बोलत उभे होते, तेव्हा मी जवळ जाऊन सांगितलं की आज पेटीच्या आधी माझी दहा मिनिटं आहेत. माणसांसमोर त्यांना नाही म्हणता आलं नाही. ते हसले आणि माझ्या मागे उजव्या अंगाला जाऊन थांबले. डाव्या हातात कॅट असेल तर फट तिथूनच दिसते. शेजारी वसतिगृह सांभाळणाऱ्या गुणाबाई होत्या. सर त्यांना म्हणाले, आणि मला ऐकू जाईल असंच म्हणाले, "तिच्या डाव्या करंगळीकडं बघा. चोरी पकडता येती."

मुली सतरंजीवर बसल्या होत्या. तोंडात आलेली पहिली शिवी मी गिळली आणि बोलायला सुरुवात केली. त्यांना त्यांची नावं विचारली, सत्ती दाखवली, राग आवाजात राहू दिला. राजकन्या नावाच्या सातवीतल्या मुलीच्या मुठीत पान दिलं. तिनं मूठ उघडली आणि पान दोन्ही बाजूंनी तपासलं. मग तिनं माझाच हात धरून उलटा करून बघितला. सगळ्या मुली उठून पुढे आल्या. मी परत केलं, अजून दोनदा केलं.

मागून गुणाबाईंचा आवाज आला. "सर, डाव्या हातात तर काहीच न्हाई की. पत्ते उजव्यात हायेत तिच्या."

सर पेटीकडे निघून गेले.

नंतर मी पेटीतही बसले, कारण मुली वाट बघत होत्या. परत येताना टेम्पोनं हिमायतनगर मागे टाकलं. मग सरांनी विचारलं, "तू उजव्या हातात धरतीस?"

"हाव."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. अव्वा डाव्या तळव्यावर धरू देत नाही."

सरांचा हात गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्याकडे गेला. त्यांच्याही घरी रोज तीच पूजा होते. "मग सांगायचं न्हाई का मला?"

"सर, हात तुमच्यासमोरच होते."

सर बाहेर बघत म्हणाले, बरं, दहा मिनिटं घेत जा इथून पुढं. जणू त्यांच्या खिशातून काढून देत होते. मी म्हणाले, घेणार आहेच, पण पेटीसाठी दुसरं माणूस बघा. सर म्हणाले, एका टाळीनं डोक्यात हवा गेली. माझा राग जरासुद्धा कमी झाला नव्हता. मांडीवरची बोटं मात्र ढिली होती.

मी बालाजीभाऊंना शिवगंगाचा नंबर मागितला.

त्यांनी आरशातून आधी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तिला काय सांगताव आता?"

"एकदा पान उलटून दाखव म्हणते. मी बघते."